दाढोबाची कात

वाचकहो, सापाची कात आपल्यापैकी कोणी पाहिली नाही? विहिरीच्या काठच्या दगडांत, गवताच्या उडवीखाली, कुंपणाच्या काट्यांत अडकलेली ती पांढरी, कागदासारखी कुरकुरीत वस्तू हाती आली की मुले ती वहीच्या पानांत जपून ठेवतात, आणि घरातील वडील माणसे मात्र काठी घेऊन आजूबाजूचा पाचोळा चाळू लागतात. परंतु सरड्याची कात? आम्ही स्वतः खेड्यात वाढलो, कुंपणावरचे सरडे पाहात पाहात शाळेत गेलो. तरी सरडाही कात टाकतो हे आम्हांस पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. हे कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाही. जी लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि तीच आज सांगावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही हैदराबादेस आमच्या धाकट्या भगिनीकडे गेलो होतो. मेहुणे नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झाले असून काचीगुड्याच्या बाजूस त्यांचे बिऱ्हाड आहे. घरात ती उभयता, मेहुण्यांच्या वृद्ध मातोश्री आणि अकरा वर्षांचा आमचा भाचा, एवढीच माणसे. आम्ही दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच भाच्याने आमचा हात धरून आम्हांस आतल्या खोलीकडे ओढीत नेले. "मामा, चहा मग. आधी दाढोबाला बघा!"

दाढोबा म्हणजे एका काचेच्या पेटीत, दिव्याखाली, मान वर करून बसलेले सरड्याचे पिल्लू. वय तीन-चार महिन्यांचे. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत लांबी जेमतेम वीतभर. अंग मातकट, दोन्ही कुशींवर मऊ काट्यांची एकेक झालर, आणि गळ्याखाली तशाच काट्यांची पिशवी. राग आला किंवा भय वाटले की ही पिशवी फुगते आणि काळी पडते. तीच त्याची दाढी. मेहुण्यांच्या कचेरीतील एक गृहस्थ परदेशी निघाले तेव्हा त्यांनी ते भाच्याच्या स्वाधीन केले होते. "पाल पाळण्यापेक्षा एखादी कोंबडी पाळली असती तर अंडी तरी मिळाली असती," असे भगिनी म्हणाली खरी. पण त्या पेटीची काच रोज पुसून लख्ख ठेवणारी तीच, हेही आम्ही पाहिले.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या खंडाच्या आतल्या भागात, जेथे पाऊस थोडा, झुडपे खुरटी आणि ऊन कडक, तेथे तो राहतो. तेथील शेतकऱ्यांनी गुरांसाठी घातलेल्या कुंपणांच्या खांबांवर तो तासन् तास ऊन खात बसलेला दिसतो म्हणतात. म्हणजे 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही आपली म्हण त्या दूरच्या मुलखातही लटकी ठरावयाची नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात फार वर्षांपूर्वीच बंद केली आहे. यास्तव आज जगभर घरोघरी दिसणारे दाढीवाले सरडे हे माणसांच्या घरी, पेट्यांत जन्मलेल्यांचीच संतती होत. रानातील सवयी मात्र पेटीत जन्मल्याने सुटत नाहीत, आणि पुढे घडलेल्या प्रकाराचे मूळ यातच आहे.

आम्ही पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा रडवेला होऊन आमच्या बिछान्यापाशी आला. "मामा, दाढोबाने काल संध्याकाळपासून एकही रातकिडा खाल्ला नाही. पांढरा पडलाय तो. मरतोय का हो?"

आम्ही उठून पाहिले. पिल्लाचा मातकट तुकतुकीतपणा जाऊन त्यावर राख फासल्यासारखा फिकट रंग आला होता. डोके तर जणू चुन्यात बुडविलेले. ते डोळे मिटून कोपऱ्यात पडले होते, आणि मधूनच एक चमत्कारिक गोष्ट करीत होते: दोन्ही डोळे भोकरांसारखे बाहेर फुगवी आणि पुन्हा आत घेई. ते पाहून भगिनीने तोंडावर हात ठेवला. आम्हांसही काही शुभ लक्षण दिसेना.

तेवढ्यात आजी काठी टेकीत आल्या. त्यांनी चष्मा सावरून पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, मरतोय कसला! कात टाकतोय तो. पोरा, चार दिवस त्याला हात लावू नकोस."

आजींची शाळा चौथीपर्यंत झालेली. त्या घरात त्या क्षणी खरे ज्ञान तेवढ्या एका माणसापाशी होते, पण त्यांचे सगळे म्हणणे मानावे एवढे शहाणपण आम्हांपाशी नव्हते. कात टाकतो आहे हे आम्ही मानले. हात लावू नकोस हे मानले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा मित्राकडे गेला असता आम्ही सहज पेटीपाशी गेलो. पिल्लाच्या पाठीवरची जुनी त्वचा फाटून तिच्या चिंध्या लोंबत होत्या. एक चिंधी खांद्यापाशी अर्धी सुटून अर्धी चिकटलेली. मुलाच्या पायात रुतलेला काटा काढावा तशा भावनेने आम्ही ती चिमटीत धरली आणि ओढली. अर्धी सहज आली. पुढची आली नाही. आम्ही किंचित जोर केला. पिल्लाने तोंड वासले, त्याची दाढी एकदम काळी झाली, आणि खांद्यावर मोहरीएवढा रक्ताचा ठिपका उमटला.

भाचा परत आल्यावर आम्ही त्यास खरे ते सांगितले. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्याच संध्याकाळी मेहुण्यांनी चौकशी करून अशा प्राण्यांची माहिती असणारा एक पशुवैद्य शोधून काढला. गाई-म्हशींचे वैद्य पुष्कळ असतात, कुत्र्या-मांजरांचेही. सरड्याचा वैद्य मोठ्या शहरातच मिळावयाचा. वैद्य तरुण होते. त्यांनी खांद्यावरची जखम पाहिली, औषधी पाण्याने पुसली आणि म्हणाले, "ही भरून येईल. पण हे केलंत कशासाठी?" आम्ही उत्तर दिले नाही, भाच्यानेही आमचे नाव सांगितले नाही. मग त्यांनी भिंग घेऊन पिल्लाचे पाय एकेक करून तपासावयास आरंभ केला. मागच्या डाव्या पायापाशी त्यांचा हात थांबला. त्या पायाच्या लांब बोटाभोवती दोऱ्यासारखे एक बारीक कडे होते. ते या खेपेच्या कातेचे नव्हते. मागच्या खेपेस, आम्ही येण्याच्या कितीतरी आधी, बोटावर राहून गेलेल्या जुन्या त्वचेचे ते कडे होते. वाळता वाळता ते आवळले गेले होते, आणि त्यापुढचे बोटाचे टोक काळे पडले होते.

वैद्यांनी ते कडे कोमट पाण्याने भिजवून, बारीक चिमट्याने व कात्रीने मोठ्या कौशल्याने कापून काढले. परंतु टोकाकडे रक्त जाणे केव्हाच थांबले होते. "हे कोरडे राहिले तर आपोआप गळेल," ते म्हणाले. "ओले झाले, सुजले, तर लगेच आणा, मग कापावे लागेल." ते कोरडेच राहिले, आणि पुढे महिन्याभराने एके दिवशी पेटीतल्या कागदावर भाच्यास ते मिळाले. बीळ आणि तीळ यांच्या मधल्या आकाराचा एक काळा दाणा. बोट पुन्हा येत नाही. आपल्या घरातील पालीचे शेपूट तुटले तर पुन्हा वाढते. या जातीच्या सरड्याचे तेही वाढत नाही. गेले ते गेलेच.

आता ही कात म्हणजे आहे तरी काय, हे त्या वैद्यांनी आम्हांस पुष्कळ वेळ समजावून सांगितले, आणि घरी परतल्यावर आम्हीही पुस्तके चाळली. आपलीही त्वचा झडत असते, पण ती कोंड्यासारखी, कणाकणाने, नकळत. सरडा, साप, पाल यांच्या त्वचेचा बाहेरचा थर खवल्यांचा असतो आणि तो केराटिनाचा, म्हणजे आपली नखे व केस ज्या जातीच्या द्रव्यांचे बनतात त्या जातीच्या द्रव्याचा. त्यास वाढ नसते. मुलाचा सदरा आखूड होतो तसा पिल्लाच्या अंगास तो थर तोकडा पडतो. तेव्हा शरीर त्याच्याखाली दुसरा संपूर्ण थर विणावयास घेते. तो तयार होत आला की जुन्या व नव्या थरांच्या मध्ये एक पातळ द्रव पाझरतो व दोहोंचा सांधा सुटू लागतो. त्या काळात प्रकाश दोन थरांतून जातो म्हणून प्राणी राखेसारखा पांढुरका दिसतो. तो रोग नव्हे. जुन्या खोळीत नवा सदरा घालून झाल्याची ती खूण होय.

सापाची कात सबंध निघते. ओठांपासून सुटावयास लागते आणि पायातला मोजा काढावा तशी उलटी होत शेपटापर्यंत जाते. सापास पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो, तोही कातेबरोबर निघतो. त्याच सुटीत भाच्याने आम्हांस मीर आलम तलावाजवळच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात नेले. १९६३ सालापासून लोकांसाठी खुले असलेल्या या संग्रहालयाच्या सर्पगृहात काचेमागे वेटोळे घालून पडलेल्या अजगरापुढे आमचा भाचा इतका वेळ उभा राहिला की मागच्या माणसांनी कुरकूर केली. अजगराचे डोळे दुधाळ दिसतात की काय, हे त्यास पाहावयाचे होते.

सरड्याची गोष्ट निराळी. त्याची कात तुकड्यातुकड्याने निघते: आज डोक्यावरची, उद्या पाठीची, परवा पायांची. त्यास पापण्या आहेत, आणि डोळे फुगविण्याचा जो प्रकार पाहून आम्ही घाबरलो तो पापण्यांभोवतीची जुनी त्वचा सैल करण्यासाठी तो करतो. पिल्लू झपाट्याने वाढत असते म्हणून त्याची कात दर काही आठवड्यांनी निघते. वाढ पुरी झाली की वर्षातून थोड्याच वेळा. अर्थात ज्या वयात बोटे सर्वांत बारीक, त्याच वयात धोका सर्वांत वारंवार. बोटे आणि शेपटाचे टोक ही त्यातली नाजूक स्थळे. पाठीवर एखादा तुकडा चार दिवस अधिक राहिला तर काही बिघडत नाही; बोटावर राहिला तर तो गळफास ठरतो.

आणि ओढू का नये? कारण सांधा सर्व ठिकाणी एकाच वेळी सुटत नाही. जेथे खालचा थर तयार झालेला नाही तेथे जुनी त्वचा अद्याप जिवंत अंगास जोडलेली असते. ती ओढणे म्हणजे आपल्या जखमेवरची खपली वेळेआधी उपटणे. लोंबणारी चिंधी पाहून आपला हात शिवशिवतो. तो आपल्या हाताचा दोष. सरड्यास त्या चिंधीचा काही उपद्रव होत नसतो.

मग माणसाने करावयाचे ते काय? भाच्याच्या घरी चुकले कोठे, हे आधी पाहू. हैदराबाद समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाचे तेथे हिवाळ्यात ओठ फुटतात आणि टाचांस भेगा पडतात. डिसेंबरात रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. दाढोबाची पेटी पंख्याखाली, खिडकीजवळ होती. दिवा होता, परंतु तो वाटेल तेव्हा लावीत आणि वाटेल तेव्हा मालवीत. तळाशी गुळगुळीत वर्तमानपत्र, भिंती काचेच्या, आणि बसावयास प्लास्टिकची एक फांदी. रानात हा प्राणी खडबडीत दगडांवर, सालींवर अंग घासून आपली कात आपण काढतो. येथे त्यास घासावयास काहीच नव्हते! आम्ही माणसे त्याची कात काढावयास निघालो, पण त्याचे त्यास काढता यावी अशी सोय कोणी केली नव्हती.

वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे मेहुण्यांनी पेटी आतल्या भिंतीशी हलविली. एका टोकास दिव्याखाली खडबडीत दगड ठेवला. तो काही विकत आणला नाही, बांधकामाच्या ढिगातून उचलून, खळखळत्या पाण्यात उकळून घेतला. त्या दगडाच्या पृष्ठभागावर उष्णता ३८ ते ४२ अंश असावी व पेटीचे दुसरे टोक २५ अंशांच्या पुढेमागे गार असावे, म्हणजे प्राणी आपल्या गरजेप्रमाणे हिंडून ऊब घेतो. हे हाताने अजमावू नये, तापमापक ठेवावा. भाच्याने तर दोन ठेवले आणि त्यांचे आकडे वहीत मांडू लागला. सरड्याचे रक्त आपल्यासारखे आपोआप उबदार राहात नाही. बाहेरची ऊब मिळाली नाही तर पोटातले अन्न पचत नाही, आणि नवी त्वचा विणण्याचे कामही रेंगाळते.

उबेच्या दिव्याखेरीज आणखी एक दिवा लागतो: सूर्यप्रकाशातील जे अतिनील किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहीत ते देणारा. त्या किरणांनी त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते व त्यावाचून अन्नातील चुना हाडांत मुरत नाही. पिल्लांचे पाय वाकडे होतात, जबडा मऊ पडतो. पुष्कळ लोक पेटी खिडकीपाशी ठेवून समाधान मानतात, परंतु खिडकीची काच हेच किरण अडवून धरते. शिवाय तो दिवा पेटत राहिला तरी कालांतराने त्यातील ते किरण क्षीण होतात. यास्तव तो सहा महिन्यांनी ते वर्षाने बदलावयाचा असतो, जळला नाही तरी. ही गोष्ट काटकसरी माणसास पटणे कठीण. मेहुण्यांसही पटली नाही. भाच्याने मात्र खरेदीची तारीख कागदावर लिहून पेटीस चिकटवून टाकली.

आता स्नानाविषयी. काते्चे दिवस आले की आठवड्यातून दोन-तीनदा एका पसरट परातीत कोमट पाणी घ्यावे. पाण्याची ऊब आपल्या कोपराने पाहावी, ज्याप्रमाणे आया तान्ह्या बाळाचे पाणी पाहतात. कोपरास ना गरम ना गार वाटले म्हणजे झाले. पाणी प्राण्याच्या पुढच्या पायांच्या कोपरापर्यंतच असावे, अधिक नको. दहा-पंधरा मिनिटे त्यात बसू द्यावे आणि तितका वेळ त्याच्यापाशीच बसावे. दाराची घंटा वाजली तरी उठू नये, कारण थकलेले पिल्लू वीतभर पाण्यातही बुडू शकते. भिजल्यावर बोटांवरून व शेपटाच्या टोकावरून दात घासण्याचा मऊ, नवा ब्रश अगदी हलके फिरवावा. जे निघेल ते निघेल. जे निघणार नाही ते राहू द्यावे आणि उद्या पुन्हा भिजवावे. नंतर मऊ फडक्याने टिपून दिव्याखाली ठेवावे. ओल्या अंगाने थंडीत ठेवल्यास छाती भरते. आजींस खोबरेल चोळावेसे वाटत होते. खोबरेलाने बरे होत नाही असे आपल्या लोकांत काय आहे! पण वैद्यांनी कोमट पाणी पुरे म्हणून सांगितले, आणि या एका बाबतीत आजी हरल्या. पेटीत सदोदित पाणी शिंपीत बसणे हेही बरे नव्हे. हा कोरड्या मुलखाचा जीव; ओलीत बुरशी धरते.

खाण्याची ददात थोडी. कातेच्या दिवसांत तो एक-दोन दिवस कमी खातो, चिडतो, अंगास हात लावू देत नाही. खाऊ नको म्हणाला तर आग्रह करू नये. एरवी पिल्लास किडे अधिक लागतात आणि मोठ्यास पाला अधिक. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. त्यावर चुन्याची म्हणजे कॅल्शियमची भुकटी लावून द्यावा. शेवग्याचा पाला, जास्वंदीचे फूल, किसलेला तांबडा भोपळा, ही आपल्या परसातली वस्तू त्यास चालते. पालक फारसा नको. त्यातील आम्ल चुना बांधून ठेवते. औषध फवारलेल्या शेतातले टोळ देऊ नयेत हे सांगावयास नको, परंतु एक गोष्ट आमच्या वाचकांच्या मुलांस अवश्य सांगितली पाहिजे. काजवा देऊ नये. काजव्याच्या अंगात विष असते, आणि अमेरिकेत काजवे खाऊन दाढीवाले सरडे मेल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केल्या आहेत. बाटलीत काजवे धरणारी मुले आपल्याकडे वैशाखाच्या अखेरीस प्रत्येक गल्लीत असतात.

येथे एखादा वाचक म्हणेल, आमच्या घरी कोठे आहे हा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा? नसेल, आणि तो आणावा असे आम्ही सुचवीतही नाही. परदेशी प्राणी आणण्यास शासनाचा परवाना लागतो, आणि २०२२ साली वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत असलेल्या विदेशी प्राण्यांची नोंद करणे बंधनकारक झाले आहे. कोणी हौसेने असा प्राणी देऊ केला तर आधी कागदपत्र मागावे व वनखात्याकडे चौकशी करावी. आमच्या मेहुण्यांनी ती नंतर केली. आधी करावयास हवी होती. परंतु ज्यांची मुले-नातवंडे आज हैदराबादेस, पुण्यास, मुंबईस आहेत त्यांच्या घरी असा पाहुणा केव्हा येऊन बसेल याचा नेम नाही. नातू रडत दूरध्वनीवर आला तर आजीने काय सांगावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आणखी असे की त्याचे भाऊबंद आपल्या कुंपणावर आहेतच. आपला बागेतला सरडा आणि तो दाढीवाला एकाच कुळातले. आपलाही तशीच तुकड्यातुकड्याने कात टाकतो. उन्हाळ्यात नराची मान तांबडी होते, त्यावरून इंग्रजांनी त्यास रक्तपित्या ठरविले. तो बिचारा मुख्यतः किडे खातो आणि कोणाचे रक्त पीत नाही. याच कुळातील एक छोटा, गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलविणारा सरडा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचा व त्याच्या जवळच्या जातींचा स्वतंत्र गट मानला तेव्हा त्या गटास नाव दिले ते लॅटिन नव्हे, ग्रीक नव्हे, तर आपला मराठी शब्द: 'सरडा'. जगातल्या सर्व प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तो आता तसाच छापला जातो. आपल्या मुलांनी मात्र त्याच्याकडे पाहिले की हात दगडाकडे जातो. कुंपणावर एखादा सरडा चुना फासल्यासारखा, चिंध्या लोंबत असलेला दिसला तर तो आजारी नाही व धरून घरी आणण्यासारखाही नाही. त्याच्यापाशी काटे आहेत, साली आहेत, पहाटेचे दव आहे. घोरपडीच्या वाटेस तर मुळीच जाऊ नये. तिला धरणे हा मोठा गुन्हा आहे.

वैद्यांकडे केव्हा धावावे, हे राहिलेच. बोट वा शेपटाचे टोक काळे, निळे किंवा सुजलेले दिसले. दोन-तीन वेळा भिजवूनही बोटाभोवतीचे कडे सुटले नाही. डोळे खोल गेले. पिल्लू पाय ओढू लागले. किंवा कात पुरी निघून गेल्यावरही ते खाईना, तर घरचे उपाय थांबवावेत. आणि कात निघाल्यावर दर वेळी, न चुकता, भिंग घेऊन बोटे पाहावीत. चार पाय, प्रत्येकास पाच बोटे. आमच्या भाच्याच्या घरी हेच राहून गेले होते. मागच्या खेपेची कात निघाली तेव्हा पाठ कशी चकचकीत झाली म्हणून सर्वांनी टाळ्या पिटल्या होत्या, आणि पाय कोणी पाहिले नव्हते.

आम्ही निघालो त्या दिवशी खांद्यावरची जखम सुकली होती. स्टेशनवर भाचा आमच्याशी नेहमीप्रमाणे बोलला, पण गाडी हलताना म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी त्याची कात निघत असेल तर तुम्ही खुर्चीवर बसून बघायचं. हात मागे बांधून." आम्ही होकार दिला.

पुढल्या मे महिन्यात त्याचे पत्र आले. बाहेर पारा ४० अंशांच्या वर, घरात कूलर अहोरात्र चालू. त्याची ओलसर हवा थेट पेटीवर येऊ नये म्हणून आजींनी मध्ये आपले जुने लुगडे पडद्यासारखे बांधले होते. दाढोबा हातभर झाला आहे. दगडावर तोंड घासघासून त्याने डोक्याची टोपी एका सकाळी आपली आपण काढली. पाठीस तीन दिवस लागले, शेपटास पाच. परातीत दोनदा बसविले. कोणी काही ओढले नाही. शेवटी रेघ मारून त्याने लिहिले होते: "पुढचा उजवा पाय ५, पुढचा डावा ५, मागचा उजवा ५, मागचा डावा ४. एकूण १९. सर्व गुलाबी."